जोडणें आणि सोडविणें

संस्कृत शिकविणाऱ्या माणसाच्या हातून आयुष्यांत दोन कामें हजारों वेळां होतात: संधि करणें आणि संधि सोडविणें. चौतीस वर्षें मीं हीं दोन्ही कामें मुलांकडून करवून घेतलीं, आणि माझा अनुभव असा कीं, संधि करण्यांत मुलें सहसा अडत नाहींत. ‘तथा’ आणि ‘एव’ एकत्र आले कीं ‘तथैव’ होतें, हें शेवटच्या बाकावरचा मुलगाहि चार दिवसांत सांगूं लागतो. परंतु जोडलेलें पद पुढें ठेवून ‘आतां हें सोडव’ म्हटलें कीं हुशार मुलगाहि थबकतो. कारण जोडतांना दोन वस्तु डोळ्यांपुढें असतात. सोडवितांना एकच दिसते, आणि तिच्या पोटांत काय दडलें आहे हें ओळखावें लागतें. व्यवहारांतहि हाच न्याय आहे. शाळेंत चार्ज घेण्यास मला अर्धा दिवस पुरला होता. तो देण्यास तीन दिवस लागले. किल्ल्या, दप्तर, वाचनालयांतून बाहेर गेलेलीं पुस्तकें, शेजारच्या वर्गास उसना दिलेला नकाशा, ह्या सर्वांचा हिशेब लागल्यावांचून सुटका नाहीं.

हें सारें मनांत येण्याचें कारण आमच्या धाकट्या पुतण्याचा उद्योग. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची परीक्षा घेणें हें त्याचें काम. घरांतील कोणासहि तो काय करतो हें नीट सांगतां येत नसे. त्याच्या लग्नाचीं बोलणीं चालू असतां मुलीकडील वडील मंडळींनीं ‘मुलगा काय करतो?’ हा नेहमींचा प्रश्न विचारला. आमच्या वहिनी म्हणाल्या, ‘दिवसभर कांहीं तरी जोडतो आणि सोडतो.’ पाहुणे हंसले, वहिनीहि हंसल्या. मुलगा मात्र हंसला नाहीं. (तें लग्न पुढें जमलें, पण तो ह्या लेखाचा विषय नव्हे.) त्या रात्रीं मीं त्याला माडीवर बोलावून म्हटलें, ‘अरे, तूं करतोस तरी काय, तें मला वर्गांतल्या मुलाप्रमाणें समजावून सांग.’ तो म्हणाला, ‘काका, तुम्ही मुलांकडून संधि-विग्रह करवून घेत होतां, तेंच मी यंत्राकडून करवून घेतों. फक्त एका रात्रींत चौदा हजार वेळां.’

माझें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेलें नाहीं. तरीहि पुढील कित्येक रात्रीं त्यानें जें सांगितलें तें मला समजलें, आणि समजल्यावर असें वाटलें कीं, हें प्रत्येक घरांत कळावें. कारण हल्लीं प्रत्येक घराची ठेव ह्याच जोडण्या-सोडविण्यावर टांगलेली आहे.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांनीं १९६९ पासून ‘युनिक्स’ नांवाची ऑपरेटिंग सिस्टिम रचण्यास आरंभ केला. तिच्यापासून स्फूर्ति घेऊन लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ‘लिनक्स’ निर्माण केली, आणि आज आपल्या हातांतील अँड्रॉइड फोनच्या मुळाशीं तीच आहे. ह्या कुळांत सर्व फाइलींचा एकच वृक्ष असतो. त्याचें मूळ वर आणि फांद्या खालीं अशी कल्पना करावी. विंडोजमध्यें प्रत्येक तबकडीस सी, डी अशीं निरनिराळीं अक्षरें देतात, म्हणजे प्रत्येकीचें बिऱ्हाड वेगळें. युनिक्सच्या कुळांत एकत्र कुटुंब आहे. नवी तबकडी आली कीं तिच्यावरील लहानसा वृक्ष मोठ्या वृक्षाच्या एका फांदीवर कलम करतात. तबकडीवर फाइली मांडण्याची जी व्यवस्था तिला ‘फाइलसिस्टिम’ म्हणतात, आणि ह्या कलम करण्याला ‘माउंट’. त्या फांदीवर पूर्वींचीं पानें असलीं तर तीं कलमाखालीं झाकलीं जातात. नाहींशीं होत नाहींत, कलम काढलें कीं पुन्हां दिसूं लागतात. कलम काढणें म्हणजे ‘अनमाउंट’. मात्र आज्ञा लिहितांना त्यांतील पहिला ‘न’ गाळून ‘युमाउंट’ असें लिहितात. नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेपासून हा लोप चालत आलेला आहे. पाणिनीचा विद्यार्थी येथें लोपाचें सूत्र शोधूं लागेल. पण येथें सूत्र नाहीं, केवळ रूढि आहे.

जोडण्याचें काम त्या मानानें सरळ आहे. तबकडीच्या आरंभीं तिची जन्मपत्रिका असते, ती वाचावयाची, आणि वृक्षांत तिची नोंद करावयाची. सोडवितांना मात्र तीन कर्तव्यें आहेत. पहिलें, उसनें फेडणें. आपण फाइल लिहिली असें आपल्यास वाटतें तेव्हां ती बहुधा यंत्राच्या स्मृतींत असते, तबकडीवर नसते. तबकडी मंद, स्मृति चपळ. म्हणून यंत्र लिहिण्याचें काम सांठवून ठेवतें आणि मागाहून सवडीनें उतरवितें. लिनक्समध्यें ही सवड सामान्यतः तीस सेकंदांच्या आसपास असते. सोडविण्यापूर्वीं हें सारें उसनें फेडलें पाहिजे. दुसरें कर्तव्य, आंत कोणी नाहीं हें पाहणें. एखादा प्रोग्राम त्या फांदीवर बसून कांहीं वाचीत किंवा लिहीत असेल तर यंत्र सोडविण्यास नकार देतें आणि ‘व्यस्त आहे’ असें उत्तर देतें. खोलींत मूल निजलेलें असतांना बाहेरून कुलूप लावावयाचें नाहीं, हाच तो नियम. तिसरें, सर्व कांहीं ठीक मिटल्याची खूण तबकडीवर करून ठेवणें. पुढच्या वेळीं जोडतांना ती खूण दिसली नाहीं तर यंत्रानें समजावें कीं, मागची सोडवणूक रीतसर झालेली नाहीं. आंत पडझड असूं शकेल.

ह्या तीन कर्तव्यांचें महत्त्व आमच्या घरानें फार कष्टानें ओळखलें. माझ्या वडिलांनीं अमरकोशावर मराठीत टिपणें लिहून ठेवलीं होतीं. सात वह्या, अकराशें चाळीस पानें. त्यांतील वनौषधिवर्गावरच्या टिपणांत आमच्या कोंकणांतल्या गांवीं कोणत्या झाडाला काय म्हणत, हें त्यांनीं गुराख्यांस आणि सुइणींस विचारून नोंदविलें होतें. हें ज्ञान कोणत्याहि छापील ग्रंथांत मला आढळलेलें नाहीं. पुतणीनें सर्व पानांचीं छायाचित्रें काढून एका लहान तबकडीवर ठेविलीं. पुढच्याच पावसाळ्यांत गांवच्या घराचें छप्पर गळून दोन वह्यांचा लगदा झाला, आणि त्या वह्यांपुरतीं तीं छायाचित्रेंच मूळ होऊन बसलीं. दुसरी प्रत काढावी म्हणून तबकडी एका दुकानांत नेली. दुकानांतल्या मुलानें वांकडीं छायाचित्रें सरळ करून त्याच तबकडीवर परत लिहावयास लाविलीं. पडद्यावरची पट्टी भरली. काम संपलें असें समजून त्यानें वायर ओढून काढली. घरीं आणल्यावर ती तबकडी कोणत्याहि यंत्रास जोडेना.

पुतण्या तेव्हां बेंगळूरूस होता, दिवाळीस आला. त्यानें प्रथम तबकडीस कांहींएक न करितां तिची अक्षरशः प्रतिकृति काढली, आणि मग डागडुजी मूळ तबकडीवर न करितां प्रतिकृतीवर केली. हा विवेक मला फार आवडला. जीर्ण पोथी सोडवितांना आम्हीहि असेंच वागतों. नऊ छायाचित्रें गेलीं. पैकीं सहा, ज्या वह्या शाबूत आहेत त्यांतलीं, तीं पुन्हां काढलीं. उरलेलीं तीन लगदा झालेल्या वह्यांपैकीं. तीं तिन्ही वनौषधिवर्गांतलीं होतीं.

‘पट्टी भरल्यावरहि कसें गेलें?’ असें मीं विचारलें. तो म्हणाला, ‘काका, पट्टी भरली म्हणजे काम स्मृतीच्या हवालीं झालें, तबकडीच्या नव्हे. शिवाय ह्या तबकडीवरच्या पद्धतींत रोजनिशी नाहीं.’ रोजनिशीचा प्रकार असा कीं, फेरफार करण्यापूर्वीं यंत्र ‘आतां मी अमुक फेरफार करणार’ अशी नोंद एका ठराविक जागीं करतें. मध्येंच वीज गेली तर पुढच्या जोडणीच्या वेळीं ती नोंद वाचून अर्धवट काम पुरें करतां येतें किंवा सोडून देतां येतें. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची ‘एक्सएफएस’ १९९४ मध्यें, आणि लिनक्समधली ‘एक्स्ट३’ २००१ मध्यें अशी रोजनिशी घेऊन आली. तत्पूर्वीं वीज गेल्यावर सबंध तबकडी धुंडाळावी लागे, आणि तबकडी मोठी असल्यास त्यांत तास जात. आपण खिशांतून नेतों त्या पेन-ड्राइव्हवर सहसा ‘फॅट’ किंवा ‘एक्सफॅट’ ही पद्धत असते, कारण ती सर्व यंत्रांस वाचतां येते. पण तिच्यांत ही रोजनिशी नसते.

आतां परीक्षेकडे वळूं. एकदां जोडलें, एकदां सोडविलें, दोन्ही ठीक झालें, एवढ्यानें प्रोग्राम निर्दोष ठरत नाहीं. कित्येक दोष असे असतात कीं ते पहिल्या फेरींत दिसूंच शकत नाहींत. ते चार प्रकारचे, असें मीं माझ्या सोयीनें लिहून ठेविलें आहे.

पहिला गळतीचा. प्रत्येक जोडणीच्या वेळीं यंत्र थोडी स्मृति घेतें. सोडवितांना ती परत करावी लागते. एखादा कण परत करावयाचा राहिला तर एका फेरींत कोणास कळणार? दहा हजार फेऱ्यांनंतर मात्र यंत्राचा श्वास कोंडतो. दुसरा मोजणीचा. आंत येणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामागणिक यंत्र एक मिळवितें, जाणाऱ्यागणिक एक वजा करतें. वजा करावयाचें राहिलें तर खोली रिकामी असूनहि कुलूप कधींच लागत नाहीं. मिळवावयाचें राहिलें तर ह्याहून वाईट. आंत माणूस असतांना घर पाडलें जातें. तिसरा शर्यतीचा. एक प्रोसेसर दार लावीत आहे आणि नेमक्या त्याच क्षणीं दुसरा आंत पाऊल टाकीत आहे. हा क्षण सेकंदाच्या लाखाव्या अंशाइतका सूक्ष्म असूं शकतो. चौथा परस्परांच्या अडवणुकीचा. एका सुनेजवळ कोठीची किल्ली आहे आणि ती फडताळाच्या किल्लीची वाट पाहते. दुसरीजवळ फडताळाची आहे आणि ती कोठीच्या किल्लीची वाट पाहते. दोघीहि शहाण्या, दोघीहि निर्दोष, आणि घरांत स्वयंपाक नाहीं. ह्यावर एक उपाय असा: प्रथम कोठीची किल्ली घ्यावी, मग फडताळाची, असा क्रम सर्वांसाठीं बांधून द्यावा.

हे दोष बाहेर काढण्यासाठीं परीक्षक यंत्राला स्वस्थ बसूं देत नाहीं. लिनक्समध्यें एखाद्या साध्या फाइलीसच तबकडी समजून वापरण्याची सोय आहे, त्यामुळें खऱ्या तबकड्यांचा नाश न करितां हा खेळ चालवितां येतो. एकीकडे जोडणें-सोडविणें अखंड चालू ठेवावयाचें. दुसरीकडे अनेक प्रोग्राम त्याच फांदीवर फाइली निर्माण करीत, पुसत, नांवें बदलीत ठेवावयाचे. मध्येंच स्मृति कमी करावयाची. मध्येंच मुद्दाम बिघडविलेली तबकडी पुढें करावयाची. एका फेरीस दोन सेकंद धरले तर आठ तासांत चौदा हजार चारशें फेऱ्या होतात. लिनक्समध्यें ‘आळशी सोडवणूक’ असाहि एक प्रकार आहे. तींत नव्यांस दार तत्काळ बंद होतें, पण आंत असलेल्यांस आपलें काम उरकून निघतां येतें, आणि शेवटचा निघाला कीं घर आपोआप आवरलें जातें. ही फार सभ्य रीत आहे. पण जितकी सभ्य तितकी गुंतागुंतीची, आणि म्हणून तिचीहि परीक्षा निराळी.

एवढ्या फेऱ्या कशासाठीं, हें गणितानें सांगतां येतें. समजा, एखादा दोष दहा हजार फेऱ्यांत सरासरीनें एकदां प्रगट होतो. शंभर फेऱ्या केल्या तर तो दिसण्याचा संभव सुमारें शेंकडा एक. दहा हजार केल्या तरी सुमारें शेंकडा त्रेसष्टच. तीस हजार केल्या तेव्हां कोठें शेंकडा पंच्याण्णव. कोणी म्हणेल, दहा हजारांत एकदां होणाऱ्या गोष्टीची एवढी काळजी कां? तर एक कोटि लोकांनीं दिवसाकाठीं एकेकदां जरी तबकडी सोडविली, तरी रोज एक हजार घरांत तो दोष उपटेल. त्या हजारांपैकीं एखाद्या घरांत कोणाच्या वडिलांच्या वह्या असतील.

जगांत हें काम करणारे थोडे आहेत आणि त्यांचें नांव क्वचितच कोणी घेतो. एक्सएफएससाठीं तयार झालेला ‘एक्सएफएसटेस्ट्स’ हा परीक्षासंग्रह पुढें इतर फाइलसिस्टिमांनींहि आपला केला. त्याच्या अनेक परीक्षा जोडणें-सोडविणें करीतच पुढें जातात. युनिक्सच्याच कुळांतील ‘फ्रीबीएसडी’साठीं पीटर होल्म ह्यांनीं ‘स्ट्रेस२’ नांवाचा असाच संग्रह रचिला आहे. गूगलमधील दिमित्री व्यूकोव्ह ह्यांनीं आरंभिलेलें ‘सिझकॉलर’ हें साधन तर स्वतःच वेड्यावांकड्या आज्ञा आणि बिघडलेल्या तबकड्या बनवून यंत्रापुढें टाकतें. आमच्या पुतण्यासहि गेल्या श्रावणांत असाच एक दोष सांपडला. बिघडलेली तबकडी जोडण्याचा यत्न फसला म्हणजे मोजणींत एक मिळविलेला असे, पण वजा होत नसे. जोडणी यशस्वी झाली तर सर्व ठीक. फसली तरच चूक. नऊ हजारांच्या पुढें केव्हां तरी यंत्र मूर्च्छित पडलें. पहाटे चार वाजतां तो माझ्या खोलीच्या दारांत उभा राहून म्हणाला, ‘काका, सांपडलें.’ दुरुस्ती एका ओळीची होती.

येथें मला आपल्या घनपाठ्यांची आठवण होते. संहितेंत शब्द संधीनें जोडलेले. पदपाठांत ते सोडविलेले. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्यानें केला अशी परंपरा आहे. पण तेवढ्यावर आपले पूर्वज थांबले नाहींत. क्रमपाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें असें म्हणावयाचें. जटापाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पुन्हां पहिलें-दुसरें. आणि घनपाठांत तिसऱ्या पदासहि मागें-पुढें गुंफावयाचें. प्रत्येक सांधा उलटसुलट जोडून आणि सोडवून पाहिल्याखेरीज पाठ पुढें सरकत नाहीं. लहानपणीं मला हा केवळ घोकंपट्टीचा अतिरेक वाटे. आतां दिसतें कीं, कागद नसलेल्या काळांत एक मात्राहि गळूं नये म्हणून सांध्यासांध्याची ती परीक्षा होती, आणि दोष असतो तो बहुधा सांध्यांतच.

तथापि परीक्षेची मर्यादाहि सांगितली पाहिजे. डायक्स्ट्रा ह्या डच संगणकशास्त्रज्ञानें १९६९ सालीं रोम येथील परिषदेंत असें प्रतिपादन केलें कीं, परीक्षेनें दोष आहेत हें दाखवितां येतें, दोष नाहींत हें नव्हे. चौतीस वर्षें उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसास हें नव्यानें सांगावें लागत नाहीं. मुलाला जें विचारलें तें आलें, एवढेंच गुणांवरून कळतें. म्हणून तीस हजार फेऱ्या निर्विघ्न झाल्या तरी पुतण्या ‘निर्दोष आहे’ असें म्हणत नाहीं; ‘अजून सांपडलें नाहीं’ असें म्हणतो. ही वाणीची शुद्धि मला त्याच्या कामापेक्षांहि मोलाची वाटते.

वाचकांनीं आपल्या घरीं करावयाचें तें थोडकें आहे. तबकडी किंवा पेन-ड्राइव्ह काढण्यापूर्वीं ‘इजेक्ट’ अथवा ‘अनमाउंट’ ही आज्ञा द्यावी आणि यंत्र होय म्हणेपर्यंत थांबावें. ‘व्यस्त आहे’ असें उत्तर आलें तर त्यावर रागावूं नये. आंत कोणी तरी लिहीत आहे, असें तें सांगत असतें. कोणती फाइल उघडी राहिली हें शोधून ती मिटावी. आणि जें पुन्हां मिळणार नाहीं त्याच्या प्रती दोन ठिकाणीं असूं द्याव्या, कारण चांगल्यांत चांगला परीक्षकहि वायर ओढणारा हात धरूं शकत नाहीं.

वडिलांच्या त्या तीन पानांवरचीं नांवें मी आतां गांवच्या वृद्ध मंडळींस विचारून पुन्हां जुळवीत आहें. गेल्या मे महिन्यांत सतरा मिळालीं. कित्येक झाडें लोक दाखवितात, पण नांव विसरले आहेत. कित्येक नांवें आठवतात, पण झाड उरलेलें नाहीं. मिळालेलें प्रत्येक नांव मी वहींत लिहितों, पुतणी त्याचें छायाचित्र घेते, आणि तबकडी काढण्यापूर्वीं घरांतील लहान मूलसुद्धां आतां विचारतें, ‘आजोबा, सोडवली का?’